लॉर्ड सिन्हांच्या मुलाला अकरा वर्षं का थांबावं लागलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बंगालचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांना 1919 मध्ये वंशपरंपरागत लॉर्डपद मिळालं. ते 1928 मध्ये वारले. मग थोरले चिरंजीव अरुणकुमार यांचा हक्क हाउस ऑफ लॉर्ड्सनं मान्य करायला 1939 का उजाडावं लागलं? त्यांचा रंग आड आला का? आणि सोबत जोडप्रश्न: लॉर्डपद मुलीला, दत्तकाला किंवा मृत्युपत्रानं भलत्याच कुणाला देता येतं का?

मी वारसाहक्काच्या कागदपत्रांचं काम करतो. बरीच वर्षं झाली. बहुतेक काम आपल्याकडचंच, म्हणजे वारस दाखले, वाटण्या, सातबाऱ्यावर राहून गेलेली नावं. पण अधूनमधून इंग्लंडातल्या वकिलांना इथले जुने जन्म-लग्नाचे पुरावे शोधून द्यावे लागतात, आणि त्यातून या विषयाची गोडी लागली. माझ्या अनुभवात लोक चुकतात ते एकाच ठिकाणी. त्यांना वाटतं लॉर्डपद ही मालमत्ता आहे. वाडा, जमीन, दागिने, आणि त्याबरोबर किताब. तसं नसतं. किताब ही सनद आहे. सनदेत जी वाट लिहिली, त्याच वाटेनं तो जातो. धारकाला त्यात कानामात्राही बदलता येत नाही.

बहुतेक सनदांमधली वाट एकाच साच्याची असते: हा किताब अमक्याला, आणि त्याच्या देहापासून कायदेशीररीत्या झालेल्या पुरुष वारसांना. हे वाक्य तीन दारांचं आहे. पुरुष हवा. रक्ताचा हवा. औरस हवा. पहिल्या दाराशी मुली अडतात, दुसऱ्याशी दत्तक. कोर्टकचेऱ्या होतात त्या मात्र जवळजवळ सगळ्या तिसऱ्या दाराशी. म्हणून मी नेहमी सांगतो, लॉर्डपदाचा दावा हातात आला की वंशावळ नंतर काढा, आधी आईबापाच्या लग्नाचा कागद शोधा. सिन्हांची अकरा वर्षं त्या कागदातच गेली.

आधी माणूस कोण ते पाहू. सत्येंद्र प्रसन्न यांचा जन्म 1863 चा, बीरभूम जिल्ह्यातल्या रायपूर गावचा. छत्तीसगडचं रायपूर नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं. घराणं जमीनदाराचं. देवेंद्रनाथ ठाकुरांनी ज्या वीस बिघा जमिनीवर पुढे शांतिनिकेतन उभं केलं, ती त्यांनी याच रायपूरच्या सिन्हांकडून कायमच्या पट्ट्यानं घेतली होती, आणि तेही 1863 मध्येच. सत्येंद्र प्रसन्न 1881 मध्ये विलायतेला गेले, 1886 मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले, कलकत्त्यात गडगंज वकिली केली. 1909 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसणारे पहिले भारतीय ते. 1915 मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याचे अध्यक्षही तेच. 1919 मध्ये ते भारतमंत्र्यांच्या हाताखालचे उपमंत्री झाले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा वरिष्ठ सभागृहातून पार करायला कुणीतरी तिथं बसणारं हवं होतं, म्हणून त्यांना ‘रायपूरचे बॅरन सिन्हा’ केलं. बॅरन म्हणजे लॉर्डांमधली सगळ्यात खालची पायरी. वंशपरंपरागत लॉर्डपद मिळालेले ते एकमेव भारतीय. पुढे ते बिहार आणि ओरिसाचे गव्हर्नर झाले, तोही पहिला मान. कलकत्त्यात आजही लॉर्ड सिन्हा रोड आहे.

आता घोळ कुठे झाला ते. सत्येंद्र प्रसन्न यांचं लग्न 1880 मध्ये झालं, गोविंदमोहिनी यांच्याशी. नवरदेवाचं वय सतरा. लग्न हिंदू पद्धतीनं. त्या काळच्या बंगालात अशा लग्नाची कुठल्या सरकारी दप्तरात नोंद होत नसे. जन्माचंही तेच. अरुणकुमार जन्मले 1887 मध्ये. घरातल्या, गावातल्या माणसांना सगळं ठाऊक. पण वेस्टमिन्स्टरला ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ हा पुरावा चालत नाही. तिकडे नव्या लॉर्डनं सभागृहात बसायचं तर हजर राहण्याचं राजाज्ञेचं बोलावणं मिळवावं लागे, आणि बापाचं लग्न, आपला जन्म, आपण हयात असलेल्यांत थोरले हे तिन्ही सिद्ध केल्याशिवाय ते निघत नसे. इंग्रज लॉर्डच्या मुलाला हे एका सकाळचं काम. चर्चची वही उघडली की झालं. बीरभूमच्या मुलाला तशी वहीच नव्हती.

कागदाची ही अडचण एक वेळ शपथपत्रांनी निभावली असती. खरी मेख कायद्याची होती. 1866 मध्ये हाइड विरुद्ध हाइड या खटल्यात इंग्लंडातल्या न्यायालयानं म्हटलं होतं की ख्रिस्ती जगाला कळणारं लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं जन्मभरासाठीचं, इतर सगळ्यांना वगळून झालेलं मीलन. तो खटला अमेरिकेतल्या युटामधल्या मॉर्मन लग्नाचा, आणि त्या पंथात तेव्हा अनेक बायका करायची चाल होती. पण त्याचं सावट हिंदू लग्नावरही पडलं, कारण 1880 मध्ये हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला कायद्यानं मोकळीक होती. सत्येंद्र प्रसन्न यांनी दुसरं लग्न कधी केलं नाही. पण प्रश्न ‘केलं का’ हा नव्हताच, ‘करू शकले असते का’ हा होता. ज्या लग्नात दुसऱ्या बायकोला वाव आहे, त्या लग्नातला मुलगा इंग्लंडच्या उमरावकीसाठी ‘कायदेशीररीत्या झालेला’ मानायचा का?

हा प्रश्न वरवर चीड आणणारा आहे, पण त्यामागची शंका अगदीच फोल नव्हती. समजा एखाद्या लॉर्डच्या दोन बायका आहेत. धाकटीला मुलगा आधी झाला, थोरलीला नंतर. मग किताब कुणाचा? जमिनीचं भागवता येतं, वाटे करता येतात. बंगालच्या दायभाग कायद्यात तर बापामागे सगळे मुलगे सारखे वाटेकरी. किताबाचे वाटे पडत नाहीत, तो एकाच डोक्यावर बसतो. असे दावे तपासणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढे लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे तिथले वरिष्ठ कायदेमंत्री, मॉम यांनी नेमकी हीच अडचण बोलून दाखवली.

मग सुटका झाली कशी? इथं गोष्ट मोठी वळणदार होते. लग्नानंतर आणि अरुणकुमार जन्मायच्या आधी सिन्हा दांपत्य ‘साधारण ब्राह्म समाज’ नावाच्या, ब्राह्म समाजाच्या एका शाखेत गेलं होतं. आपल्याकडच्या प्रार्थना समाजाचा बंगाली भाऊबंद म्हणा हवं तर. ब्राह्म समाजात एकपत्नीव्रत हा नियमच. समितीनं धरलं ते असं: लग्न झालं तेव्हा त्यात बहुपत्नीत्वाला वाव होता खरा, पण नवराबायकोनं ब्राह्म समाज स्वीकारला तेव्हा ते लग्न एकपत्नीत्वाचं झालं, आणि मुलगा त्यानंतरचा. म्हणजे तो औरस. दावा मान्य. वर्ष 1939. तरुण वयात एका बॅरिस्टरनं धर्मसुधारणेपायी उचललेलं पाऊल पन्नासेक वर्षांनी मुलाच्या लॉर्डपदाला असं उपयोगी पडलं. ब्राह्म समाजात जाताना त्यांच्या मनात हे स्वप्नातही आलं नसेल.

तुमच्या वर्णद्वेषाच्या प्रश्नाला माझं उत्तर: दार मुद्दाम लावलं असं म्हणायला मी धजणार नाही. पण ते दार गोऱ्या माणसाच्या मापानं बनवलेलं होतं, हे उघड आहे. ज्या सरकारनं 1919 मध्ये वंशपरंपरागत किताब दिला, त्याला तेव्हाच ठाऊक होतं की घेणारा हिंदू पद्धतीनं लग्न केलेला आहे आणि त्याला मुलगे आहेत. त्याच वेळी या प्रश्नाचा निकाल लावता आला असता. लावला नाही.

या निकालाचं महत्त्व लॉर्डपदापुरतं राहिलं नाही. 1946 मध्ये बैनदैल नावाच्या खटल्यात एका हिंदू गृहस्थानं भारतातली बायको हयात असताना लंडनमध्ये इंग्रज बाईशी लग्न केलं होतं. त्या बाईनं ते रद्द करून मागितलं. न्यायालयानं भारतातलं लग्न खरं लग्न धरलं आणि लंडनचं रद्द केलं. तेव्हा सिन्हा निकालाचा दाखला कामी आला. लग्नाचं स्वरूप पुढच्या घटनांनी बदलू शकतं, हे सूत्रही त्यानंतर इंग्लंडातल्या न्यायालयांनी अनेकदा वापरलं. परदेशस्थ भारतीयांच्या कित्येक कज्ज्यांत वकिलांना सिन्हांचं नाव घ्यावं लागलं आहे.

आता तुम्हाला वाटेल, औरसपणाची ही छाननी फक्त काळ्या लोकांची. नाही. अँप्टहिल घराण्याचं प्रकरण बघा. दुसरे लॉर्ड अँप्टहिल मद्रासचे गव्हर्नर होते आणि 1904 मध्ये काही महिने हंगामी व्हाइसरॉयही. त्यांच्या थोरल्या मुलाच्या बायकोला 1921 मध्ये मुलगा झाला. नवऱ्याचं म्हणणं, आमचा शरीरसंबंध झालेलाच नाही, मूल माझं नव्हे. घटस्फोटाचा खटला वर्तमानपत्रांनी असा काही रंगवला की पुढे अशा बातम्यांवर कायद्यानं बंधन आलं. 1924 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा शेवटचं अपील तिथंच चाले) नवऱ्याच्या बाजूनं लागलेला निकाल फिरवला: लग्नात जन्मलेल्या मुलाला अनौरस ठरवण्यासाठी नवराबायकोपैकी कुणालाच ‘आम्ही जवळ आलो नाही’ अशी साक्ष देता येणार नाही. 1926 मध्ये मुलगा औरस असल्याचा हुकूमनामा झाला. बाप 1973 मध्ये वारला, मुलाच्या सावत्र भावानं दावा लावला, आणि 1976 मध्ये समितीनं सांगितलं की पन्नास वर्षांपूर्वीचा हुकूमनामा अंतिम, तो आता उकरायचा नाही. मुलगा लॉर्ड झाला.

वीस वर्षांत काळ बदलला. तिसरे लॉर्ड मॉयनिहन हे एकंदर उपद्व्यापी गृहस्थ, फिलिपीन्समध्ये पळून जाऊन तिथं धंदे केलेले. 1991 मध्ये मनिलात वारले तेव्हा मागे दोन बायकांची दोन लहान मुलं. डीएनए तपासणीत एक त्यांचं नाही असं निघालं. दुसरं रक्ताचं होतं, पण त्याच्या आईशी लग्न करण्याआधी आधीच्या बायकोपासून घेतलेला घटस्फोट लबाडीनं मिळवलेला, म्हणून तो रद्द झाला आणि पुढचं लग्नही पोकळ ठरलं. एकाला रक्त नडलं, दुसऱ्याला लग्न. 1997 मध्ये किताब गेला सावत्र भावाकडे, म्हणजे ब्रिटनचे माजी क्रीडामंत्री कॉलिन मॉयनिहन यांच्याकडे. त्या लेकरांचा काय दोष, हा प्रश्न कायदा विचारत नाही. आईबापांनी मागाहून लग्न केलं तरी आधी जन्मलेल्या मुलाला इंग्लंडचा किताब आजही मिळत नाही, मालमत्ता मात्र मिळते. डीएनएची धास्ती आता जुन्या पिढ्यांपर्यंत पोचली आहे. 2016 मध्ये स्कॉटलंडच्या प्रिंगल घराण्यात असं निघालं की एका पूर्वजाची पितृत्वाची नोंदच खरी नव्हती. नमुने गोळा केले होते कुळाचा प्रमुख ठरवायला, आणि हातचा किताब गेला दुसऱ्या पातीकडे.

दत्तकाचं उत्तर एका ओळीचं: नाही, कधीच नाही. 2004 पासून लॉर्डच्या दत्तक मुलांना नावामागे ‘ऑनरेबल’ लावायची मुभा मिळाली, पण वारसा नाही. इथं मला सातारा आठवल्याशिवाय राहत नाही. 1848 मध्ये छत्रपतींचं दत्तकविधान डलहौसीनं नाकारलं आणि राज्य खालसा केलं. त्यात राज्याची हाव तर होतीच. पण स्वतःच्या घरात दत्तकाला वारस मानायची सवय नसलेल्या माणसाला आमचा दत्तक कळणार तरी किती, असंही माझ्या मनात येतं.

मुलींचं थोडं वेगळं. सनदेत लिहिलं तर मुलीलाही मिळतं, पण लिहिलं जातं क्वचित, आणि बहुधा मुलगा नसला किंवा गमावला असला तरच. कानपूरला जन्मलेले फील्ड मार्शल रॉबर्ट्स यांचा मुलगा 1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कोलेन्सोच्या लढाईत पडला. 1901 मध्ये त्यांना अर्ल (बॅरनच्या बऱ्याच वरची पायरी) केलं ते मुलींकडे वारसा जाईल असं लिहून. माउंटबॅटन यांना दोन्ही मुलीच होत्या. त्यांच्याही सनदेत तशी सोय होती, म्हणून 1979 मध्ये त्यांच्या हत्येनंतर थोरली मुलगी काउंटेस, म्हणजे अर्लच्याच दर्जाची, झाली. काही फार जुन्या बॅरनक्यांना सनदच नाही. त्या केवळ संसदेच्या बोलावण्यातून निर्माण झालेल्या. त्यात मुलगा नसला तर मुली चालतात, पण सगळ्या बहिणी सारख्या, थोरली-धाकटी नाही. मग किताब कुणालाच न मिळता लोंबकळत राहतो, जोवर एकच वारस उरत नाही किंवा राजा कुणा एकीच्या वंशाला निवडत नाही. स्ट्रॅबोल्गी नावाची बॅरनकी अशी 1369 पासून लोंबकळत होती ती 1916 मध्ये सुटली. आपल्याकडे दिवाणी दाव्यांना उशीर होतो म्हणतात.

मुंबईच्या ‘सर’ घराण्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. ते लॉर्ड नव्हेत, बॅरोनेट. किताब वंशपरंपरेचा, पण सभागृहात जागा नाही. सर जमशेटजी जीजीभॉय 1857 मध्ये पहिले भारतीय बॅरोनेट झाले, आणि 1859 मध्ये वारले. त्यांच्या सनदेत एक गंमत होती. तिला धरून 1860 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळानं खास कायदा केला, आणि गादीवर येणाऱ्यानं आपलं नाव टाकून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं ठरलं. दुसरे बॅरोनेट जन्मनावानं कर्सेटजी, गादीवर येताच जमशेटजी झाले. पुढेही तेच. म्हणून जुन्या मुंबईच्या कागदांत सर जमशेटजी हे नाव दिसलं की आधी साल बघायचं, नाहीतर आजोबांचं दान नातवाच्या खात्यावर जमा होतं. नवख्या संशोधकांना मी हे किमान डझनभर वेळा सांगितलं असेल. पेटिट घराण्याचंही तसंच. पहिल्या सर दिनशा माणेकजी पेटिटांमागे 1901 मध्ये किताब आला तो थेट नातवाकडे. त्याचं नाव जीजीभॉय, पण किताबाबरोबर तोही दिनशा माणेकजी झाला. जिनांची पत्नी रत्तनबाई ही याच दुसऱ्या सर दिनशांची मुलगी. आज भारतीय नागरिकानं परदेशी राज्याकडून किताब घ्यायला संविधानाच्या अनुच्छेद 18 नं मनाई आहे, त्यामुळे असल्या बिरुदाला आपल्या सरकारी कागदावर काही किंमत नाही.

किताब नको असेल तर? 1963 पर्यंत नाकारताच येत नसे. टोनी बेन हे मजूर पक्षाचे खासदार. त्यांचे वडील 1929 ते 1931 भारतमंत्री होते, पुढे व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले. 1960 मध्ये वडील गेले आणि बेन यांची खासदारकी आपोआप गेली, कारण लॉर्डला कनिष्ठ सभागृहात बसता येत नसे. त्यांनी झगडून कायदा बदलून घेतला आणि 1963 मध्ये पहिला नकार त्यांनीच नोंदवला. तेव्हापासून वारसाला वर्षभराच्या आत किताब सोडता येतो, पण फक्त स्वतःपुरता. 2014 मध्ये बेन गेले आणि किताब मुलाकडे सरळ परत आला. 1999 च्या कायद्यानं 92 जागा सोडून बाकी सगळ्या वंशपरंपरागत लॉर्डांचा सभागृहात बसण्याचा हक्क गेला. म्हणजे अरुणकुमारांनी ज्या जागेसाठी अकरा वर्षं काढली, ती आता वारशानं मिळतच नाही. उरलं नाव.

त्या नावासाठीही कागद लागतातच. 2004 पासून लॉर्डांची अधिकृत नोंदवही आहे. तीत नाव चढल्याशिवाय सरकारी कागदपत्रांत कुणाला लॉर्ड म्हणत नाहीत. जन्माचा दाखला, आईबापाच्या लग्नाचा दाखला, आधीच्या धारकाच्या मृत्यूचा दाखला, शिवाय आपल्यापुढे हक्क असलेलं कुणी उरलेलं नाही याचा पुरावा. हा शेवटचा सगळ्यात चिवट. नसलेल्या माणसाचा दाखला कुठून आणणार? सिन्हांच्याच घरात चौथे लॉर्ड 1992 मध्ये वारले, मागे मुलगा नव्हता, तेव्हा किताब खाली न उतरता वर चढून काकांकडे गेला, दुसऱ्या लॉर्डच्या धाकट्या मुलाकडे. अशा वेळी मधल्या पिढीतल्या प्रत्येक पुरुषाचा हिशेब द्यावा लागतो.

आणि तुमच्या मित्रानं स्कॉटलंडात चौरस फूटभर जमीन ऑनलाइन घेऊन जे ‘लॉर्ड’चं प्रमाणपत्र मागवलंय, ते छान चौकटीत लावून भिंतीवर टांगा. त्यानं उमरावकी मिळत नाही. पासपोर्टवर तसं लिहून मागायला मात्र जाऊ नका. माझ्याकडे एक गृहस्थ त्यासाठीच आले होते. मी त्यांना आधी आईवडिलांच्या लग्नाचा दाखला आणायला सांगितला. परत आले नाहीत.